पडद्यावरची आरमारी लढाई



आजचा विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडेल. पडद्यावर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, मुले जहाजांच्या लढाया खेळतात. त्या लढाया कशा चालतात ते आज सांगावयाचे आहे. "गुरुजी, पोरगं तासन्‌तास त्या पडद्यापुढं बसतं, करतं तरी काय?" असा प्रश्न पालक विचारतात आणि शिक्षकाला उत्तर देता येत नाही. मूल काय करते हे ठाऊक नसताना त्याला रागे भरणे सोपे असते, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. तेव्हा खेळ बरा की वाईट हा वाद थोडा बाजूला ठेवू आणि आधी तो समजून घेऊ.

या जातीच्या खेळांना सोंगांचे खेळ म्हणायला हरकत नाही. दशावतारात एकजण राजा होतो, एकजण संकासुर होतो, तसे येथे प्रत्येक खेळणारा एक सोंग घेतो. कोणी खलाशी, कोणी व्यापारी, कोणी चाचा. फरक एवढाच की एका रंगमंचाऐवजी दूरदूरच्या गावांतली, देशांतली माणसे तारेच्या जोडणीने एकाच वेळी एकाच खेळात उतरलेली असतात. शेजारच्या जहाजावर उभा असलेला खलाशी खरोखरीचा कोणी माणूस असतो, त्याला फक्त आपण पाहिलेले नसते.

अशा खेळांपैकी एकच घेऊन बोलतो, म्हणजे बोलणे हवेत जाणार नाही. त्याचे नाव 'योहोहो! पझल पायरेट्स'. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील थ्री रिंग्ज नावाच्या मंडळीने तो २००३ साली सुरू केला. २०११ साली ती कंपनी सेगा या जपानी कंपनीने घेतली आणि २०१६ पासून तो चालविण्याचे काम ग्रे हेवन्स या छोट्या मंडळाकडे आले. पुढे यापेक्षा झगमगीत खेळ पुष्कळ निघाले. पण जहाजावरची लढाई म्हणजे अनेकांनी मिळून करावयाचे काम असते, ही गोष्ट या खेळाइतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच मांडलेली आढळते. म्हणून हाच घेतला.

आता असे समजा की आपण जहाजावर चढलो. आपल्याला वाटते, तलवार मिळेल. मिळते काय? काम! कोणाला शिडांवर पाठवतात, कोणाला सुतारकामाला, कोणाला तोफेवर आणि कोणाला थेट तळाशी, साचलेले पाणी उपसायला. यातले प्रत्येक काम हे एक कोडे आहे. शिडांवरच्या खलाशाला वरून पडणारे रंगीत तुकडे विशिष्ट आकृतीत रचावे लागतात. सुताराला भोके पडलेल्या फळ्यांत वेड्यावाकड्या आकाराचे लाकडाचे तुकडे फटी न ठेवता बसवावे लागतात. तळातल्या माणसाला शेजारशेजारची चित्रे अदलाबदल करून सारख्या चित्रांच्या ओळी जुळवाव्या लागतात. गोलंदाजाला आधी दारू, मग चिंधी, मग गोळा, असा क्रम सांभाळून तोफ भरावी लागते. आणि तोफ उडाली की पाण्याने धुऊन घेतल्यावाचून ती पुन्हा भरता येत नाही. क्रम चुकला की तोफ वाया.

माणसे कमी पडली तर संगणक स्वतःच चालवील असे भाडोत्री खलाशीही ठेवता येतात. ते काम करतात, पण चांगल्या हाताची सर त्यांना नाही.

एवढ्याने भागत नाही. ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. जहाजाला गोळा लागला की फळ्या फुटतात. सुताराने त्या वेळेवर बुजविल्या नाहीत तर पाणी आत शिरते. तळातल्या माणसाने ते उपसले नाही तर जहाज जड होते, आणि मग शिडांवरच्या खलाशाने कितीही नेटाने काम केले तरी जहाजाला गती येत नाही. वर सुकाणूजवळ उभा असलेला तांडेल कितीही हुशार असला, तरी तळातल्या एका माणसाने अंग चोरले की त्याची हुशारी पाण्यात गेली म्हणून समजा, अगदी शब्दशः!

आता लढाई. समुद्र म्हणजे चौकटीच्या वहीचे पान समजा. त्यावर दोन जहाजे, मधूनमधून खडक, काही चौकोनांत वारा, काही ठिकाणी भोवरे. लढाई डावाडावाने चालते आणि प्रत्येक डावात बहुतेक जहाजांना चार पावले टाकता येतात. सर्वांत मोठ्या, अवजड जहाजांना तीनच. पाऊल तीन तऱ्हेचे: सरळ पुढे, डावीकडे वळण, उजवीकडे वळण. वळताना जहाज जागच्या जागी फिरत नाही. ते एक चौकोन पुढे सरकते आणि मग वळून एक चौकोन बाजूला जाते. बैलगाडी वळवणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको. वाऱ्याच्या चौकोनात शिरलात तर वारा तुम्हांला आणखी एक चौकोन ढकलतो, भोवऱ्यात शिरलात तर तो फिरवतो. खडकावर गेलात तर इजा ठरलेलीच.

ही पावले फुकट मिळत नाहीत. शिडांवरची मंडळी जसजसे काम करतील तसतशी ती तांडेलाच्या हाती जमा होतात. डावीकडची वळणे संपली असतील तर समोर खडक दिसत असूनही डावीकडे वळता येत नाही. गोळ्यांचेही तसेच. गोलंदाजाने भरलेल्या तोफा तेवढ्याच उडवता येतात, आणि गोळे आधी बंदरात विकत घेऊन कोठारात ठेवलेले असावे लागतात. खलाशांना लागणारे मद्यसुद्धा कोठारातून खर्च होते. ते संपले की माणसांचा हात मंदावतो. हे मद्य आणि हे गोळे तयार करणारी दुकानेही खेळणाऱ्यांचीच. म्हणजे लढाईची अर्धी तयारी बाजारात झालेली असते.

तोफा फक्त जहाजाच्या दोन बाजूंना. पुढच्या नाळेवर तोफ नाही, पिछाडीलाही नाही. गोळ्याचा पल्ला तीन चौकोनांचा. शत्रू तुमच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, नेमक्या सरळ रेषेत आणि तीन चौकोनांच्या आत असेल तरच त्याला गोळा लागतो.

आणि या खेळाचा सारा जीव ज्यात आहे ती गोष्ट आता सांगतो. बुद्धिबळात आधी तुम्ही खेळता, मग मी. येथे तसे नाही. दोन्ही तांडेल आपापली चार पावले आणि कोणत्या पावलाला कोणत्या बाजूची तोफ उडवायची हे गुपचूप मांडतात. वेळ संपली की दोघांची पावले एकदम पडू लागतात: दोघांचे पहिले, मग दोघांचे दुसरे, असे. एकदा मांडलेले परत घेता येत नाही. म्हणून शत्रू कोठे आहे हे पाहून गोळा मारून चालत नाही. तिसऱ्या पावलाला तो कोठे असेल ते ओळखून मारावा लागतो.

उदाहरण घेऊ. शत्रूचे जहाज उत्तरेकडे तोंड करून उभे आहे. त्याच्या पिछाडीला, दोन चौकोनांवरच्या ओळीतून आपण पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललो आहोत. आपण बरोबर त्याच्या मागे आलो की आपली डावी बाजू त्याच्या पाठीवर येते. त्या पावलाला डावी तोफ उडवली की गोळा बसतो, आणि त्याच्या तोफा पूर्वेला आणि पश्चिमेला रोखलेल्या असल्यामुळे तो आपल्याला काही करू शकत नाही. पण समजा, नेमक्या त्याच पावलाला तो सरळ पुढे गेला. अंतर तीन झाले, तरी गोळा लागतोच. आणि वळला तर? तर तो एक चौकोन बाजूला गेला, आपली रेषा चुकली आणि गोळे रिकाम्या पाण्यात पडले. तो वळेल की सरळ जाईल हे कसे ओळखायचे? मागच्या डावांत त्याने किती वळणे खर्च केली ते मोजायचे, त्याच्यापुढे खडक आहे का ते पाहायचे, आणि त्याचा स्वभाव ध्यानात घ्यायचा. घाबरट माणूस कोठल्या बाजूला पळतो आणि उतावळा कोठे घुसतो हे दोन-तीन डावांत कळू लागते. आपल्याकडच्या मुरलेल्या पत्तेवाल्याला यात नवे काही वाटणार नाही.

तोफांच्या माऱ्याने लढाई सहसा संपत नाही. नेहमीच्या लढाईत जहाज बुडतही नाही. जहाजे एकमेकांना भिडली की गळ टाकून शत्रूचे जहाज ओढून घेतात आणि मग दोन्हीकडची माणसे हातघाईवर येतात. तेथे तलवारीचे निराळे कोडे आहे. पण आधी खाल्लेला प्रत्येक गोळा येथे हिशेबात धरला जातो: ज्या जहाजाला जास्त मार बसला त्याची माणसे हातघाईला सुरुवातीपासूनच अडचणीत असतात. जिंकणारे लूट घेतात आणि ती आपसांत वाट्याने वाटली जाते. आपल्या किनाऱ्यावर मासळीच्या नावेचे वाटे पडतात, त्याची आठवण व्हावी असेच ते आहे.

येथे एक गोष्ट कोकणच्या श्रोत्यांना सांगितल्यावाचून राहवत नाही. खेळातली बरीच जहाजे युरोपीय पद्धतीची आहेत. त्या जहाजांच्या तोफा मुख्यतः दोन बाजूंना असत, आणि त्या बाजूच्या भडिमारापुढे सहसा कोणी टिकत नसे. मग कान्होजी आंग्र्यांचे आरमार त्यांच्याशी कसे झुंजले? आंग्र्यांच्या गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या, आणि त्यांच्या नाळेवर पुढे मारा करणाऱ्या तोफा असत. गलबते हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ओर्म याने त्यांची रीत लिहून ठेवली आहे. वारा असला तर सारे आरमार शिडांवर धावून जाई. वारा पडला की मोठे परकी जहाज पाण्यावर खिळून राही, आणि इकडे गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत. बाजूच्या तोफांसमोर न जाता त्याच्या पिछाडीला जमावयाचे, नाळेवरच्या तोफांनी आधी डोलकाठ्या पाडावयाच्या, जहाज लुळे झाले की जवळ जाऊन सर्व बाजूंनी मारा करावयाचा आणि तरीही ते नमले नाही तर गलबतांतली माणसे तलवारी घेऊन चोहोंकडून वर चढत. आपल्या मघाच्या उदाहरणातली पिछाडी ती हीच! शत्रूची तोफ जेथे पोहोचत नाही तेथे उभे राहावयाचे, हे शहाणपण या किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वी होते. कान्होजी १७२९ साली वारले तोवर इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना त्यांचे आरमार मोडता आले नव्हते. १७२१ साली दोघांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली.

आणि हेच आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात, ॲडमिरल वॉटसनच्या जहाजांच्या माऱ्याखाली, जागच्या जागी जळून गेले. पेशव्यांचा आणि तुळाजी आंग्र्यांचा बेबनाव झालेला, पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला, आणि जहाजे एकमेकांना खेटून नांगरलेली. चपळाईवर जगणारे आरमार हलण्याजोगे राहिले नाही की त्याचे काय होते ते तेथे दिसले. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग नुसता सनावळीत उरकू नये, असे मला वाटते.

आता शिक्षकांसाठी थोडे. या खेळात एक पद्धत आहे ती मला फार आवडते. थोड्या थोड्या वेळाने साऱ्या जहाजापुढे एक यादी झळकते: कोणी कोणते काम केले आणि ते कसे केले, वाईट, बरे, चांगले, उत्कृष्ट. तळात पाणी उपसणाऱ्याचे नावही त्यात तांडेलाइतक्याच ठसठशीत अक्षरांत येते. आपल्या शाळांच्या निकालपत्रकात असे पाणी उपसणाऱ्याला जागा कोठे असते?

दोषही सांगितले पाहिजेत. अशा खेळांत खऱ्या पैशांनी विकत घ्यावयाची नाणी असतात. या खेळातही आहेत. समोरचा माणूस अनोळखी असतो, आणि सोंग घेतलेलेच असल्यामुळे त्याचे वय, नाव खरे असेलच असे नाही. लढाई मध्येच सोडली तर बरोबरचे खलाशी अडचणीत येतात, म्हणून मूल हाक मारली तरी उठत नाही. तेव्हा "बंद कर ते" म्हणण्याआधी एकदा "आज कुठल्या कामावर आहेस? तांडेल कोण आहे? ही लढाई किती वेळ चालेल?" एवढे विचारून पाहा. जे मूल उत्तर देईल त्याच्याशी पुढे वेळेचे आणि पैशांचेही बोलता येईल.

ज्या शाळेत संगणक नाही, किंवा आहे पण वीज नाही, तेथे हा खेळ फरशीवर खडूने चौकोन आखून उत्तम होतो. बारा-बारा चौकोनांचा समुद्र पुरे. पाच-पाच मुलांची दोन जहाजे करावी: एक तांडेल, दोन शिडांवर, एक सुतार, एक गोलंदाज. शिडांवरच्या मुलांना तोंडी हिशेब घालावेत. बरोबर आलेल्या प्रत्येक उत्तराला सरळ पावलाचा एक चिंचोका किंवा वळणाचा एक खडा, त्यांनी मागितला असेल तो द्यावा. गोलंदाजाला शुद्धलेखनाचे शब्द. तीन शब्द बरोबर म्हणजे एक तोफ भरली. गोळा लागला की सुतारापुढे एक जास्त अवघड उदाहरण ठेवावे, आणि ते सुटेपर्यंत त्या जहाजाला डावाला चाराऐवजी तीनच पावले. दोन्ही तांडेलांनी चार पावले पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवावी. मग गुरुजींनी "एक" म्हणताच दोन्ही पाट्यांवरचे पहिले पाऊल, "दोन" म्हणताच दुसरे. दर दोन डावांनी कामे बदलावीत, म्हणजे तांडेल झालेला मुलगा सुतारही होईल आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी तांडेल होऊन चार पावले मांडील. खडू पुसला जाऊ नये म्हणून चौकोनांच्या कोपऱ्यांना गेरूचे ठिपके द्यावेत.