यंत्राची शुश्रूषा : जुन्या बुलेटच्या निमित्ताने



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, सीमाप्रश्न, शिक्षण, नाट्यसंगीत अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपले विचार मांडले आहेत. त्या परंपरेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने जुन्या मोटारसायकलच्या देखभालीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी या शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असत. अध्यक्षांनी त्यांचा यथोचित परिचय करून दिलाच आहे. हाताला काम शिकविणाऱ्या शिक्षकाचे स्मरण केवळ शब्दांनी करणे अपुरे ठरले असते. म्हणून हाताच्या कामाचाच एक विषय मी निवडला.

आरंभ मात्र माझ्या सवयीप्रमाणे एका शब्दापासून करतो. आपण रोग्याची ‘शुश्रूषा’ करतो, म्हणजे सेवा करतो. पण या शब्दाच्या मुळाशी ‘श्रु’ हा धातू आहे आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. आधी ऐकण्याची उत्कंठा, मग आज्ञापालन, मग सेवा असा या शब्दाच्या अर्थाचा प्रवास झाला. जुने यंत्र घरी सांभाळणाऱ्याला हा प्रवास शब्दकोश न उघडताही कळतो, कारण त्याच्या सेवेचा प्रारंभ कानापासूनच होतो.

उदाहरण घेऊ बुलेटचे. रॉयल एन्फील्ड ही मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची कंपनी. ‘बुलेट’ हे नाव तिने १९३२ साली प्रथम वापरले. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याला सीमेवरील गस्तीसाठी दणकट दुचाकी हवी होती, तेव्हा बुलेटची निवड झाली. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या सहकार्याने ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन झाली, आणि मद्रासजवळील तिरुवोत्रियूर येथे, आरंभी इंग्लंडहून आलेले भाग जोडून व पुढे सर्व भाग इथेच घडवून, ही गाडी तयार होऊ लागली. १९७० साली इंग्लंडमधील उत्पादन थांबले; मूळ वृक्ष वठला, पण इकडे लावलेली फांदी वाढत राहिली. १९९४ साली कंपनी आयशर समूहाकडे गेली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्या इंजिनाची जागा नव्या इंजिनांनी घेतली. तरीही त्या जुन्या बुलेट आज रस्त्यावर आहेत. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला आणि आंबोलीच्या घाटातून सावंतवाडीला जाताना त्यांचा ठोका ऐकू येतो.

या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा. व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर आणि क्षमता ३४६ घनसेंटिमीटर. बेळगावकरांना बीड म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. उद्यमबागेतील कित्येक भट्ट्यांत ते रोज ओतले जाते. बीड जड असते, लवकर तापत नाही आणि तापले की लवकर निवतही नाही. म्हणून लांबच्या चढणीवर या गाडीला अधूनमधून सावलीत उभी करणे, हा तिच्या प्रकृतीचा मान राखणे आहे.

ही गाडी सुरू करणे हाच एक धडा आहे. चावी फिरवून किक हलक्या पायाने दाबत गेले, की हँडलजवळच्या अँमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो आणि एका क्षणी मध्यावर येतो. काटा झुकतो तेव्हा इग्निशनचे पॉइंट मिटलेले असतात व वीज वाहते. मध्यावर येतो तेव्हा ते उघडतात. म्हणजे बंद पेटीच्या आत दट्ट्या कुठवर आला आहे, हे तो काटा बाहेर सांगत असतो. मग डाव्या मुठीजवळची दाबमुक्तीची लहान कळ ओढून किक किंचित पुढे सरकवावी, कळ सोडावी, किक पुन्हा वर येऊ द्यावी आणि तेव्हा सलग, पूर्ण दाब द्यावा. पायात बळ कमी असले तरी चालते. क्रम मात्र चुकता कामा नये. अधीरपणे लाथ हाणणाऱ्याच्या घोट्याला ही गाडी उलटा तडाखा देते.

आता नित्याची निगा. पहिली गोष्ट तेल. या इंजिनात दोन पंप असतात, एक तेल पुरवितो व दुसरा, जरा मोठा, ते परत आणतो. तेल बदलताना इंजिन गरम असावे, म्हणजे तळाचा गाळ तेलाबरोबर बाहेर पडतो. नवे तेल घातल्यावर झडपांकडे तेल नेणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट किंचित सैल करून, इंजिन सुरू असताना तेथे तेल पाझरते का, हे पाहावे. तेल ओतले म्हणजे ते पोहोचलेच, असे समजू नये. आम्हा शिक्षकांनाही हे सूत्र लागू पडते.

दुसरी गोष्ट इग्निशनचे पॉइंट. त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते. पॉइंटची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, फट हळूहळू कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. परिणाम असा, की गाडी एके दिवशी बंद पडत नाही. ती रोज थोडी मंदावते, थोडी अधिक तापते, आणि चालविणाऱ्याला वाटते की जुनी झाली म्हणून अशी चालते. पत्त्यांसारख्या पातळ पोलादी पट्ट्यांचे फीलर गेज, एक स्क्रू ड्रायव्हर, पेट्रोलमध्ये बुडविलेले स्वच्छ फडके आणि कॅमवर बोटाच्या टोकाएवढे ग्रीस, एवढ्यावर हा विकार बरा होतो. ऱ्हास इतका सावकाश होतो की तो नैसर्गिक भासतो. त्याला उत्तर म्हणजे ठराविक दिवशी केलेले मोजमाप.

तिसरी गोष्ट टॅपेट. इंजिन पूर्ण थंड असावे आणि दाबाच्या धावेत दट्ट्या अगदी वर, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असाव्यात. उजव्या बाजूचे लहान झाकण काढले की दोन उभे दांडे दिसतात. त्यांतील प्रत्येक दांडा बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फार घट्ट राहिला तर झडप पुरती मिटत नाही व तिची कड जळते; फार सैल राहिला तर इंजिन टकटक करते. गंमत अशी, की टकटक ऐकून लोक घाबरतात आणि शांत इंजिनावर संतुष्ट असतात. वास्तविक धोका त्या अतिघट्ट शांततेतच अधिक असतो. मात्र हे ओळखायला कान मुरावा लागतो.

चौथी गोष्ट साखळी आणि ब्रेक. यांना मी एकत्र घेतो, कारण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. साखळी रॉकेलने धुऊन, पुसून, तेल द्यावे. मधोमध सुमारे २५ मिलिमीटर ढील ठेवावी, आणि चाक फिरवून जिथे ती सर्वांत ताठ होते, तिथेच ही ढील मोजावी. ताण देताना मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या सारख्याच खाचेवर असाव्यात. नाहीतर चाक तिरके बसते. आणि चाक मागे सरकले की मागच्या ब्रेकचा दांडाही पुन्हा जुळवावा लागतो. घाट उतरताना केवळ ड्रम ब्रेकवर विसंबू नये. ते तापले की त्यांची पकड जाते, म्हणून खालचा गिअर टाकून इंजिनालाच गाडी आवरू द्यावी. घरी काम करण्याचा खरा हिशोब इथे होतो. पॉइंट बिघडले तर गाडी थांबते, ब्रेक बिघडले तर थांबत नाही.

काळाने या जुन्या गाडीपुढे एक नवा प्रश्न उभा केला आहे, तो पेट्रोलचा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. आपल्या जिल्ह्याच्या उसाचाही त्यात वाटा आहे, तेव्हा तक्रार करताना जरा जपूनच करावी लागते. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि तेथून गंजाला सुरुवात होते. जुन्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, कार्ब्युरेटरचे सूक्ष्म जेट तुंबते. म्हणून गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे, टाकी काठोकाठ भरून ठेवावी आणि नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या बसवाव्यात.

घरच्या कामाला मर्यादाही आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. क्रँकचे बेअरिंग बदलणे, सिलिंडर बोअर करणे ही कामे यंत्रशाळेची. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ कधीही फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. पेट्रोलचे काम उघड्यावर करावे, आणि त्याआधी बॅटरीची तार सोडवावी. आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, धुराची तपासणी करून घ्यावी लागते. वडिलांच्या आठवणीची गाडी आहे म्हणून तिच्या धुराला सवलत मागता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाला हात घातला, असे पूर्वीही घडले आहे. रॉबर्ट पर्सिग हे अमेरिकेत महाविद्यालयात लेखनकला शिकवीत असत. १९६८ साली ते मुलाला मागे बसवून मोटारसायकलवरून दूरच्या प्रवासाला गेले, आणि त्या प्रवासातून ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक प्रसंग आहे. सोबत्याच्या महागड्या गाडीचे हँडल सैल होते. निवेदक सुचवितो, की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी आत घालू. सोबत्याला ते अपमानास्पद वाटते. तो पत्रा वस्तुतः त्या कामाला उत्तम असतो, पण सोबत्याला केवळ डबाच दिसतो. माझ्या मते शिक्षणाचा प्रश्न या एका प्रसंगात सामावला आहे. वस्तू कुठून आली एवढेच आपण पाहणार, की ती काय करू शकते हेही पाहणार? हा प्रश्न माणसांच्या बाबतीतही विचारता येतो.

भाषेच्या दृष्टीनेही येथे काही गमवायचे आहे. आटे, कानस, पक्कड, पाना, वंगण, दट्ट्या, झडप, बीड हे शब्द पुस्तकांनी जिवंत ठेवले नाहीत; ते काळ्या झालेल्या हातांनी जिवंत ठेवले. ‘आटे गेले’ असे मिस्त्री म्हणतो तेव्हा त्या दोन शब्दांत निदानही असते आणि जास्त जोर लावणाऱ्याला दिलेला टोलाही असतो. आपल्या सीमाभागातील गॅरेजमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू यांच्यासह इंग्रजीचे झिजून गुळगुळीत झालेले शब्द एकाच वाक्यात नांदतात, आणि त्यावरून तिथे कधी वाद होत नाही, कारण समोर उघडलेले इंजिन सर्वांचे समान असते. मात्र जुने मिस्त्री थकले आहेत, त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली आहेत. हात थांबले की हे शब्दही थांबतील. मग कोशात त्यांची नोंद उरेल, पण आटे अजून किती घट्ट करायचे, हे सांगणारे मनगट उरणार नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, गाडीला हार घालतो. ती प्रथा सुंदर आहे. तथापि हार घालण्याआधी साखळीला तेल दिलेले असावे, अशी अपेक्षा ठेवणे हा अधर्म नव्हे. सुशिक्षितपणा म्हणजे हात स्वच्छ असणे, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात रुजली आहे. त्या समजुतीविरुद्ध गुरुजी याच शाळेच्या एका खोलीत, करवत आणि कानस घेऊन, आयुष्यभर निःशब्दपणे झगडले.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. शाळेला देणगी अवश्य द्या. पण त्याबरोबर आपल्यापैकी कोणाच्या घरी उभी असलेली एखादी जुनी मोटारसायकल आणि साधनांची एक पेटीही द्या. महिन्यातून एका शनिवारी एखाद्या वयोवृद्ध मिस्त्रींना सन्मानाने, मानधन देऊन, बोलवा. मुलामुलींनी ते इंजिन उघडावे, मोजावे, पुसावे, पुन्हा जोडावे, आणि केलेल्या कामाची नोंद मराठीत लिहावी. त्यातून सारे अभियंते होणार नाहीत, व्हावेत अशी अपेक्षाही नाही. बिघाड दिसताच वस्तू टाकून देण्याआधी क्षणभर थांबून ऐकावे, एवढी सवय लागली तरी पुरे आहे. शुश्रूषेचा मूळ अर्थ तोच आहे.