दोराला फुटलेली पालवी

शिल्प म्हटलं की दगड नाहीतर धातू आठवतो. मृणालिनी मुखर्जी यांनी मात्र दोर निवडला. अंबाडीचा वाख काढून दोर वळणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्याला याचं नवल वाटेल! १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या मृणालिनीताई रंगवलेल्या दोराला गाठीमागून गाठ मारत जात. आधी रेखाटन नाही, नमुना नाही. त्या गाठींतून पाकळ्या, घड्या पडलेली पानं, तर कधी झाडासारखे वनदेव उभे राहत. काही तर माणसाहून उंच. एकेक शिल्प महिनोन्‌महिने चाले. पुढे त्यांनी चिनीमाती आणि ब्राँझमध्येही पानाफुलांचे आकार घडवले. पण मला विचाराल, तर दोराचीच शिल्पं अधिक जिवंत. २०१५ साली त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.