रानमेवा कीं लांकूड?

'स्टारड्यू व्हॅली' हा पडद्यावर खेळावयाचा शेतीचा खेळ एरिक बॅरोन यांनीं एकट्यानें रचून २०१६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील शेतकरी रानांत लांकूड तोडूं लागला, रानमेवा वेंचूं लागला, कीं त्या कामांतील त्याचें कौशल्य पायरीपायरीनें वाढतें. पांचव्या पायरीवर त्यास दोहोंपैकीं एक वाट धरावी लागते. 'फॉरेस्टर' झाल्यास लांकडाला २५ टक्के अधिक भाव येतो. 'गॅदरर' झाल्यास वेंचलेला रानमेवा दुप्पट मिळण्याचा संभव २० टक्के असतो.

नवशिका येथें मोठ्या आंकड्यास भुलतो. परंतु वाढीव भाव हा विकणाऱ्याचा लाभ होय. साध्या गोठ्यास ३५० व कोंबड्यांच्या खुराड्यास ३०० लांकडें लागत असतां बाजारांत न्यावयास उरतें काय?

शिवाय पहिली निवड दुसरीस बांधून टाकते. दहाव्या पायरीवर 'फॉरेस्टर'ला कोणत्याही झाडापासून टणक लांकूड मिळण्याची शक्यता, अथवा झाडांच्या रसास अधिक भाव, यांतून निवडावें लागतें. 'गॅदरर'चा रानमेवा नेहमीं सर्वोत्तम प्रतीचा होऊं शकतो, अथवा तो कोठें आहे हें त्यास कळूं लागतें. डुकरांनीं उकरलेल्या ट्रफलनामक भूछत्रांसही उत्तम प्रतीचा तो लाभ मिळतो. डुकरें पाळणाऱ्यानें हें विसरूं नये.

निवड पुढें बदलतां येते. पण त्यासाठीं गटारांतील एका पुतळ्यास १०,००० सुवर्णनाणीं मोजावीं लागतात. तेव्हां घरांतील मुलगा पांचव्या पायरीशीं अडला, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास एवढेंच विचारावें, "लांकूड तूं विकणार आहेस, कीं वापरणार?"