फोटोतल्या तिघी



परदेशी गेलं की आपलं मोल कळतं, असं सगळेच म्हणतात. शाळेच्या सहलीत पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना आपल्याला एकच चिंता असायची, डबा कधी उघडायचा! दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख बघतंय कोण?

मी शिकायला फिलाडेल्फियात होते. तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत : आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी एकाच मेडिकल कॉलेजच्या आणि तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. कल्याणला साडी म्हणजे रोजचं नेसणं. फिलाडेल्फियाच्या थंडीत तीच साडी नेसायची, तर ते रोज सकाळी ठरवावं लागत असणार.

साडीपेक्षाही मला त्यांच्या प्रबंधाचं जास्त वाटलं. विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे, ते अमेरिकन प्राध्यापकांपुढे मांडून त्या १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आणि हे लिहिणारी बाई कोण? चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गमावलेली. आपल्याकडे काय उणं आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या (नगरकडचं नव्हे, बंगालमधलं) सभेत त्यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, ते सांगितलं होतं, आणि आपण हिंदूच राहू, हेही. अभिमान आणि तक्रार, दोन्ही एकाच पदराला बांधून त्या गेल्या. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी 'आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं' असे निरोप येतात, त्यांत ही तक्रार कुठेच नसते. पाठवणारे समोरच बसलेत, हसू नका!

ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाल्या, इस्लामबुली १८९० मध्ये. आनंदीबाई कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू व्हायच्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

त्या फोटोची प्रत फ्रेम करून आणली आहे. प्रयोगशाळेच्या बाहेर लावायला बाईंनी होकार दिलाय. खिळा फक्त जरा खाली ठोका, पाचवीतल्या मुलींनाही दिसला पाहिजे.