खेळाडूचे खरे वय



ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात भरती झाले. पलटणीचे मैदान हीच त्यांची हॉकीची पाठशाळा ठरली. पुढे काळ पालटला. १९७६ च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदान आले आणि भारत सातव्या स्थानी घसरला. या वेगवान खेळाचे संस्कार कोवळ्या वयातच व्हावे लागतात. त्यासाठी क्रीडा वसतिगृहे उभी राहिली. ओडिशातील सौनामारा गावचा अमित रोहिदास पानपोषच्या अशाच वसतिगृहातून घडला आणि २०२१ व २०२४ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक विजेत्या संघात खेळला.

१९७९ पासून ज्युनियर विश्वचषकही सुरू झाला. एकवीस वर्षांखालील खेळाडूंची ही स्पर्धा भारताने २००१ आणि २०१६ मध्ये जिंकली.

परंतु जेथे वयावर प्रवेश ठरतो, तेथे खोट्या दाखल्याचा मोहही शिरतो. म्हणून केंद्र शासनाने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध संहिता आणली. दाखल्याच्या जोडीला वैद्यकीय तपासणी आली. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांची वाढ पाहिली जाऊ लागली.

यात खरी हानी कोणाची होते? खरे वय सांगणारा पंधरा वर्षांचा मुलगा अठरा वर्षांच्या तरुणासमोर उभा केला जातो. कौशल्य दाखविण्यापूर्वीच तो अंगबळाने मागे रेटला जातो आणि निवडीविना घरी परततो. खोट्या वयाचा खेळाडूही वरिष्ठांत पोहोचताच उघडा पडतो, कारण तेथे वयाचा आडोसा नसतो.

नियम शासन करील, तपासणी वैद्य करतील. परंतु दाखल्यावरील तारीख पालक लिहवितात. मुलाच्या खेळाचा पाया सत्यावर घालावयाचा की असत्यावर, हा निर्णय प्रथम घरातच होतो.