नवोदयची परीक्षा आणि मुलांवरचा ताण



जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुले जी निवड चाचणी देतात, ती एकदाच देता येते, आणि ही अटच घरातील वातावरण तापवते.

ताण, म्हणजे अपेक्षेच्या ओझ्याला शरीराने आणि मनाने दिलेला प्रतिसाद, दहा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता येत नाही. तो सकाळी पोट दुखण्यातून, रात्री दचकून उठण्यातून किंवा डबा तसाच परत येण्यातून दिसतो.

अशा वेळी शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी, आणि झोप मोडून सराव घेऊ नये.

भीतीचा मोठा भाग अनोळखीपणाचा असतो, म्हणून परीक्षेचे स्वरूप मुलाला आधीच समजावून द्यावे.

दोन तासांत 80 प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी निम्मे आकृत्यांवर आधारित बुद्धिमत्ता चाचणीचे असतात, आणि उत्तराचे वर्तुळ पेनाने रंगवावे लागत असल्याने एकदा भरलेले उत्तर खोडता येत नाही. म्हणून कोऱ्या नमुना उत्तरपत्रिकेवर वर्तुळे भरण्याचा सराव घरीच झाला, तर हात थरथरत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, हेही मुलाला आधीच सांगावे.

पालकांनी मात्र एक वास्तव स्वीकारावे: एका विद्यालयात जागा जास्तीत जास्त 80 असतात आणि अर्ज हजारोंनी येतात, त्यामुळे निवड न होणे हे बुद्धीचे मोजमाप ठरत नाही.

निवड झाली नाही, तर सहावी कोणत्या शाळेत, हे निकालापूर्वीच, शक्यतो जेवताना, सहज बोलून ठेवावे.