जावयाचं फेवर लुबा



स्विस घड्याळ म्हटलं की लाखांचे आकडे आणि जिनिव्हातले लिलाव डोळ्यांपुढे येतात. पण आमच्या कट्टा गावापासून मालवणपर्यंत काही जुन्या घरांत एक स्विस घड्याळ कधीच येऊन बसलंय, आणि त्याला स्विस म्हणून कुणी मिरवलंही नाही. फेवर लुबा! चाकरमानी मे महिन्यात मुंबईहून यायचा तेव्हा त्याच्या मनगटावर असायचं ते. लग्नात जावयाला अंगठीबरोबर द्यायचे ते. "घड्याळाक चावी दिलंस मा?" असं सकाळी घरात विचारलं जायचं, तेही त्याच्याच बाबतीत.

या घराण्याची नोंद 1737 पासूनची. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातलं ल लोक्ल हे गाव, आणि तिथला घड्याळजी अब्राहम फावर. पुढे लुबा हे भागीदार आले आणि 'फावर-लुबा' हे जोडनाव तयार झालं, आपल्या तोंडी 'फेवर लुबा'. 1865 च्या सुमारास, सुएझ कालवा खुला व्हायच्याही आधी, फ्रिट्झ फावर हिंदुस्थानात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली होती, मुंबईत पैसा खेळत होता. आणि नेमका त्याच वर्षी तो पैसा बुडालाही. तरी फावर मंडळी टिकली. रेल्वे आली होती, गिरण्यांचे भोंगे वाजत होते, शहराला वेळेची गरज होती. म्हणूनच मला वाटतं, या कंपनीचा वारसा सांगताना एकट्या ल लोक्लचं नाव घेणं अपुरं आहे. तिची निम्मी कीर्ती मुंबईनं घडवली.

कारागिरीही कमी नव्हती. 1962 च्या 'बिवॉक'मध्ये हवेचा दाब मोजून उंची सांगणारं यंत्र मनगटावर मावलं. इटलीचा गिर्यारोहक वॉल्टर बोनाती ते घालून आल्प्स चढला. 1968 च्या 'बॅथी'त पाण्याची खोली काट्यावर दिसायची. आपल्याकडे मात्र खपली साधी 'सी किंग' आणि 'सी चीफ'. आजच्या थाळीएवढ्या घड्याळांपुढे ती लहान दिसतात; तबकडीवर नाव आणि वाळूच्या घड्याळाचं छोटं चिन्ह, एवढाच काय तो थाट.

दरम्यान परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला एचएमटीची घड्याळं सुरू झाली. त्या काळात किनाऱ्यावर रात्री चोरून काय काय उतरायचं, ते मालवणकरांना मी कशाला सांगू! मग क्वार्ट्झ आलं, चावीची घड्याळं मागे पडली, आणि 1985 मध्ये कंपनी घराण्याच्या हातून गेली. 2011 साली ती आपल्या टायटननं घेतली. नंतर तीही मालकी बदलली आणि 2024 मध्ये नवी घड्याळं पुन्हा बाजारात आली.

आता जुनी घड्याळं संग्राहक शोधतात, आणि इथेच खरी गंमत आहे. परदेशी संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी तबकडी खरवडून नवा रंग द्यायचा, चार घड्याळांचे भाग एकात बसवायचे, आणि कारखान्यानं कधी काढलाच नाही असा नारिंगी नाहीतर पोपटी 'सी चीफ' विकायचा. भिंगातून पाहिलं की कळतं: अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या खाली बारीक 'स्विस मेड' असतं ते गायब.

पण मी तबकडी रंगवणाऱ्या घड्याळजीला सरसकट लबाड म्हणणार नाही. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तबकडीवर डाग पडायचेच. गिऱ्हाईक म्हणायचं, "नवीन करून दे," आणि तो करून द्यायचा. घड्याळ वेळ बघायला होतं, कपाटात ठेवायला नव्हतं. लबाडी सुरू होते ती रंगवलेलं घड्याळ अस्सल म्हणून विकताना.

तेव्हा आजोबांच्या पेटीत असं एखादं सापडलं, तर तबकडी उजळायला देऊ नका. डागांसकट तिचीच किंमत जास्त. यंत्र साफ करून तेल मात्र घालून घ्या. चावी जिथे अडेल तिथे थांबा, जोर करू नका. आणि नाव 'सी किंग' आहे म्हणून ते घालून तारकर्लीच्या पाण्यात उतरू नका. आतला रबरी वायसर कधीच कडक होऊन गेलेला असतो.